वेताळ : चित्रकथांतील नामसाम्याचा एक विचार

केशवसुतांचे जन्मगाव म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म १८६६ साली या गावी झाला. १९९४ साली कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले त्यांचे स्मारकही येथेच आहे. नामसाम्याचा विचार करावयाचा तर या गावापासून आरंभ करणे सोयीचे आहे. कारण ‘केशवसुत’ हे नाव शब्दशः घेतले असता ते एकट्या कृष्णाजींचे ठरत नाही. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले हेही केशवसुतच, आणि सीताराम केशव दामले हेही. पुढे प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने विडंबने लिहिली व १९२५ साली ती ‘झेंडूची फुले’ या संग्रहात एकत्र केली. सुत आणि कुमार यांचा अर्थ येथे एकच. मात्र दोघांचे केशव निराळे. एवढे असूनही मराठी वाचकाचा घोटाळा झाल्याचे उदाहरण नाही. शब्दार्थाने जे अनेकांचे होते ते रूढीने एकाचे झाले, आणि दुसऱ्याने पर्याय-शब्द घेऊन आपली वाट वेगळी केली.

या तिघा बंधूंपैकी मोरो केशव हे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथाचे कर्ते. मराठी व्याकरणांतून विशेषनाम आणि सामान्यनाम यांत जो भेद सांगितला जातो, तोच प्रस्तुत विषयाची किल्ली होय. सामान्यनाम अनेक वस्तूंना त्यांच्यातील समान धर्मामुळे लागते; विशेषनाम धर्माची अपेक्षा न ठेवता एका व्यक्तीचा निर्देश करते. दोन मुलांचे नाव ‘कृष्णा’ असले म्हणून त्यांच्यात कोणताही समान धर्म असावा लागत नाही. उलटपक्षी, ‘पाटील’ म्हणवणाऱ्या दोघांत काही समान असते, निदान पूर्वी असे. नाव एकच असणे ही घटना म्हणूनच दोन प्रकारची आहे : एक निव्वळ योगायोगाची, दुसरी समान धर्मातून उद्भवलेली. वाङ्मयेतिहासात या दोहोंची गल्लत वारंवार झालेली आहे.

आपल्याकडे या गल्लतीचा इतिहास संतवाङ्मयापासून सुरू होतो. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या, कारण दोघांचीही मुद्रा ‘नामा’. ज्ञानदेवांविषयी याच्या उलट घडले. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून ‘ज्ञानेश्वरी’चा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन भिन्न ज्ञानदेव होत, असा पक्ष मांडला. पुढील संशोधकांनी हा द्वैतपक्ष सामान्यतः स्वीकारला नाही. तथापि त्या वादाने अभ्यासकांना एक सावधगिरी शिकवली. एका नावाखाली दोन माणसे लपू शकतात, तसेच एका माणसाची दोन माणसे करण्याचा मोहही संशोधकास होऊ शकतो. आज ज्यांस कोणी गंभीर वाङ्मय मानत नाही त्या चित्रकथांच्या, म्हणजे ‘कॉमिक’ पुस्तकांच्या, इतिहासात हेच प्रश्न जवळजवळ याच स्वरूपात उभे राहिले आहेत.

ब्रिटन व अमेरिका येथील एक उदाहरण योगायोगाच्या नामसाम्याचा नमुना म्हणून द्यावे असे आहे. १२ मार्च १९५१ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत हँक केचम यांची ‘डेनिस द मेनेस’ ही चित्रमालिका सुरू झाली. त्याच दिवशी ब्रिटनमध्ये ‘बीनो’ या बालसाप्ताहिकाचा १७ मार्च तारखेचा अंक विक्रीस आला, आणि त्यात त्याच नावाचा दुसराच खोडकर मुलगा अवतरला. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले असे म्हणण्यास जागाच नाही. ‘मेनेस’शी यमकासारखे जुळणारे ‘डेनिस’ हे नाव दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचले, इतकेच. अमेरिकेचा डेनिस पाच वर्षांचा, स्वभावाने निरागस. ब्रिटनचा खराखुरा दांडगट. एकमेकांच्या देशात जाताना दोघांची नावे पुढे थोडी छाटली गेली.

‘कॅप्टन मार्व्हल’ या नावाचा इतिहास मात्र योगायोगाचा नाही. तो मालकीचा आहे. फॉसेट या प्रकाशनसंस्थेचा हा वीर १९४० साली प्रसिद्ध झाला. तो सुपरमॅनची नक्कल असल्याचा दावा सुपरमॅनच्या प्रकाशकांनी केला, आणि १९५३ साली तडजोड होऊन फॉसेटने त्याचे प्रकाशन थांबवले. नाव मोकळे झाले. १९६६ साली एका छोट्या प्रकाशनाने त्याच नावाचा एक यंत्रमानव आणला. १९६७ साली मार्व्हल या संस्थेने, नाव आपल्या संस्थेच्या नावाशी जुळते म्हणून, स्वतःचा कॅप्टन मार्व्हल निर्माण केला. पुढे मूळ वीराचे हक्क १९७२ साली डीसी या संस्थेकडे गेले, पण तोवर मुखपृष्ठावर त्याचे नाव छापण्याची मुभा राहिली नव्हती. म्हणून त्याच्या नियतकालिकास त्याच्या मंत्राचे ‘शझॅम’ हे नाव द्यावे लागले, आणि २०११ नंतरच्या नव्या मांडणीत वीराचे स्वतःचे नावही तेच झाले. ब्रिटनमध्ये या वीराच्या कथा पुनर्मुद्रित होत असत. मूळ पुरवठा आटल्यावर तेथे १९५४ साली ‘मार्व्हलमॅन’ उभा करण्यात आला, आणि तो १९८५ साली अमेरिकेत गेला तेव्हा मार्व्हल संस्थेच्या भयाने ‘मिरॅकलमॅन’ झाला. एका नावाच्या भांडणातून अशी चार-पाच नावे जन्मास आली.

तिसरा प्रकार याहून मनोरंजक आहे. ‘फ्लॅश’ नावाचा एक वीर १९४० साली आला व कालांतराने लुप्त झाला. १९५६ साली त्याच नावाचा नवा वीर आला. नवा फ्लॅश लहानपणी जुन्या फ्लॅशच्या चित्रकथा वाचत असे व त्यावरून त्याने हे नाव घेतले, असे कथेतच सांगण्यात आले. पुढे १९६१ साली दोघांची भेट घडवण्याची वेळ आली, तेव्हा लेखकांना दोन पृथ्वी कल्पाव्या लागल्या : एकीवर जुना फ्लॅश खरा, दुसरीवर नवा. भारद्वाजांनी एका नावासाठी दोन ज्ञानदेव कल्पिले. येथे एका नावासाठी दोन विश्वे कल्पिली गेली. हा विनोद केवळ वरवरचा नाही. नाव हे विशेषनामच असले पाहिजे, म्हणजे एका विश्वात त्याचा धारक एकच असला पाहिजे, हा आग्रह एकदा धरला की जग वाढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मराठीत या प्रश्नाचे जे रूप दिसते ते यांपैकी कोणत्याही प्रकारात नीट बसत नाही. ते रूप म्हणजे ‘वेताळ’.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. आरंभीचे चित्रकार रे मूर. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने, म्हणजे बेनेट कोलमन कंपनीने, मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. आरंभीचे बत्तीस अंक एकट्या फँटमच्या कथांनाच वाहिलेले होते. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी इत्यादी मंडळी नंतर आली. इंग्रजीखेरीज अनेक भारतीय भाषांतून ही माला निघाली आणि १९९० साली बंद पडली. मराठी आवृत्तीत फँटमचे नाव ‘वेताळ’ असे ठेवण्यात आले, व ‘महाबली’ हे विशेषण त्याच्याशी कायमचे जोडले गेले.

या भारतीय आवृत्तीने नावांत केलेले इतर बदल ध्यानात घेतल्याखेरीज ‘वेताळ’ या निवडीचे महत्त्व कळत नाही. मूळ कथेतील फँटमच्या अरण्याचा देश ‘बंगाल’ या नावाशी ध्वनिसाम्य असलेला होता. ही भूमी आरंभी आशियात कोठेतरी कल्पिलेली होती व पुढे आफ्रिकेत सरकली. इंद्रजालमध्ये तिचे ‘डेंकाली’ करण्यात आले. फँटमच्या वंशाचे हाडवैरी असलेले चाचे ‘सिंग’ या नावाचे होते. त्यांचे ‘सिंगा’ झाले. एका कथेतील खुन्याचे नाव ‘रामा’ असे होते. ते ‘रामालू’ झाले. तिन्ही बदलांचे कारण उघड आहे. अमेरिकन लेखकाने दूरदेशीय वाटावी म्हणून घेतलेली ही नावे येथे कोणाची तरी खरी नावे होती. एक प्रांताचे, एक लक्षावधी लोकांच्या नावाचा भाग, एक तर दैवताचे. आकस्मिक नामसाम्य येथे अपमानकारक ठरले असते, म्हणून ते काळजीपूर्वक खरवडून काढण्यात आले.

आणि ज्या आवृत्तीने ही तीन साम्ये मिटवली, तिनेच चौथे साम्य स्वतः निर्माण केले. इंग्रजी ‘फँटम’ या नावाचा येथे कोणीच धारक नव्हता. ‘वेताळ’ या नावाचे धारक मात्र होते, आणि त्यांतील एक तर पूजनीय. खुन्याचे ‘रामा’ हे नाव चालत नाही, पण नायकाचे ‘वेताळ’ हे नाव चालते, नव्हे शोभते, असे ठरले. नामसाम्य हे टाळण्याजोगे संकट आहे, हा निर्णय तीनदा घेणाऱ्यांनी चौथ्या वेळी नामसाम्याचाच आधार घेतला. हा विरोध वरवरचा की खरा, हे पाहण्यासाठी नावाचे आधीचे धारक तपासले पाहिजेत.

पहिला धारक कथेतला. संस्कृत ‘वेतालपञ्चविंशति’ अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त व क्षेमेंद्राच्या ‘बृहत्कथामंजरी’तही समाविष्ट आहे, शिवदासाचा स्वतंत्र पाठही प्रसिद्ध आहे. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली निघाली, म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या अगदी बालपणी. हा वेताळ झाडावर लोंबणाऱ्या प्रेतात शिरून राहतो, राजाच्या खांद्यावर बसून कथा सांगतो, कूटप्रश्न विचारतो आणि मौन सुटताच परत झाडावर जातो. १९५२ साली ‘चांदोबा’ मराठीत निघू लागला, आणि त्यातून विक्रम-वेताळाची कथा महिन्यामागून महिना अशी चालू राहिली की मूळच्या पंचविसांची संख्या केव्हाच मागे पडली. इंद्रजालचा वेताळ आला तेव्हा हा वेताळ मराठी मुलांच्या घरी बारा वर्षे वसतीस होता.

दुसरा धारक गावातला. कोकणात व गोव्यात वेताळ हे ग्रामदैवत आहे. गोव्यातील आमोणे, लोलये, पैंगीण या गावी त्याची स्थाने आहेत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा सर्वांत ख्यातनाम. कादंबरीकार व नाटककार जयवंत दळवी यांचे हेच गाव. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला; तत्पूर्वी, म्हणजे इंद्रजालच्या आरंभकाळात, आरवली आणि मालगुंड ही दोन्ही गावे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होती. घाटावरही वेताळाची ठाणी आहेत. पुण्यातील वेताळ टेकडी सर्वांस माहीत आहे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीद्वारे जमवलेली व त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एंथोवेन यांनी संपादून १९१५ साली प्रसिद्ध केलेली कोकणची लोकसमजुतींची टिपणे पाहिली, म्हणजे हे दैवत लोकमानसात किती खोल रुजले होते याची कल्पना येते. समजूत अशी की वेताळ हा भुतांचा राजा. रात्री तो आपल्या सैन्यासह, मशालींच्या उजेडात, फेरीस निघतो. पण तो भुतांचा राजा आहे म्हणूनच भुतांपासून गावाचे रक्षण करू शकतो. भय आणि अभय एकाच ठिकाणी.

आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठ्या आकाराच्या चामडी वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो व त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यावयाच्या. केळ्यांचे घड वाहण्याचीही तेथे चाल आहे. आता फँटमचे इंग्रजीतील बिरुद पाहावे : ‘चालते भूत’ असा त्याचा सरळ अर्थ होतो. शहरात वावरताना तो जे ‘वॉकर’ हे आडनाव घेतो, तेही त्या चालण्यावरूनच. मराठीत आले की ते निव्वळ आडनाव उरते व त्यातील श्लेष नाहीसा होतो. परंतु जे एका शब्दात हरवले ते दुसऱ्या शब्दात अनपेक्षितपणे भरून निघाले. रात्री चालणारा, भूत म्हणवला जाणारा आणि तरीही निर्बलांचा रक्षणकर्ता, असा पुरुष दक्षिण कोकणातील वाचकास नवा नव्हता. त्याच्या वहाणा त्याने देवळात पाहिलेल्या होत्या. बंगालीत याच नायकास वृत्तपत्रीय मालिकेत ‘अरण्यदेव’ हे नाव मिळाले. ते सुंदर आहे, पण ते घडवलेले नाव आहे. त्याच्यामागे कोणी उभा नाही.

येथे भाषेच्या अंगाने काही गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. संस्कृत ‘वेताल’ याचे मराठीत ‘वेताळ’ होणे हे स्वरमध्यस्थ ‘ल’चे ‘ळ’ होण्याच्या नित्य प्रवृत्तीस धरून आहे. ‘काल-काळ’, ‘बाल-बाळ’ ही जोडकी त्याच जातीची. गोव्याकडे आद्य ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बेताळ’. हिंदीत ‘वेताल’ व ‘बेताल’ अशी दोन रूपे नांदतात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या परंपरेतील १८०५ चा ग्रंथ ‘बैताल पचीसी’, आणि १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर झालेली मालिका ‘विक्रम और बेताल’. इंद्रजालच्या हिंदी आवृत्तीतील नायक मात्र ‘वेताल’. म्हणजे हिंदीच्या हाती, योजनापूर्वक असो वा सहज, एक जोडरूप होते व दोन धारकांत ते वाटून देता येत होते : झाडावरचा ‘बेताल’, गुहेतला ‘वेताल’. मराठीला ही सोय नव्हती. मराठीत ‘बेताल’ हा शब्द आहे, पण तो ‘ताल सुटलेला’ या अर्थाचा, वेगळ्याच व्युत्पत्तीचा; बेताल बडबड करणाऱ्यास आपण भूत समजत नाही. अशा रीतीने हिंदीत जे काम ‘व’ आणि ‘ब’ यांच्या भेदाने झाले असते, ते मराठीत अन्य साधनांवर सोपवावे लागले.

ही साधने तीन, आणि तिन्ही भाषेत आधीपासून सिद्ध होती. ग्रामदैवतासाठी ‘बा’ प्रत्यय. ‘विठ्ठल’चे ‘विठोबा’ होताना जसा अंत्य ‘ल’ गळतो तसाच ‘वेताळ’चे ‘वेतोबा’ होताना ‘ळ’ गळतो. नाव घरगुती होते आणि देवत्वही पावते. कथेतील वेताळासाठी सहचराचे नाव : ‘विक्रम-वेताळ’. हा वेताळ एकटा क्वचितच उच्चारला जातो, जणू तो समासातच जन्मास आला. आणि चित्रकथेतील वेताळासाठी विशेषण : ‘महाबली’. प्रत्यय, समास, विशेषण अशा तीन व्याकरणिक उपायांनी तीन धारक वेगळे राहिले. अमेरिकेत जे न्यायालयाने आणि दुसऱ्या पृथ्वीने साधले, ते येथे व्याकरणाने साधले. मात्र याचे सगळे श्रेय व्याकरणास देणेही योग्य नव्हे. ग्रामदैवतास वकील नसतो, ‘वेताळपंचविशी’वर कोणाचा हक्क नाही, आणि मराठी चित्रकथांचा बाजार एवढा मोठा कधीच नव्हता की एका नावासाठी दोन प्रकाशकांनी झगडावे. भांडण झाले नाही याचे एक कारण भांडण्याजोगी मिळकत नव्हती, हेही आहे.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. तिघांत नाव समान आहे ते ‘कृष्णा’ या नावासारखे, की ‘पाटील’ या शब्दासारखे? प्रस्तुत विवेचनाचा रोख दुसऱ्या पक्षाकडे आहे. ‘वेताळ’ हे कधीच शुद्ध विशेषनाम नव्हते. संस्कृतात तो एका भूतयोनीचा वाचक शब्द आहे; वेताळ अनेक असू शकतात. ग्रामदैवत म्हणूनही आरवलीचा वेताळ निराळा, लोलयेचा निराळा. ‘आमच्या गावचा वेताळ’ असे म्हणता येते, आणि ‘आमच्या गावचा’ हे शब्द तेथे निरर्थक नसतात. ‘फँटम’ हाही इंग्रजीत मुळात भूतवाचक सामान्य शब्दच. त्याहून महत्त्वाचे हे की ली फॉक यांच्या कथेचा पायाच नामसाम्यावर उभा आहे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या पुरुषाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यानंतर मुलगा बापाचे वस्त्र, बापाची अंगठी आणि बापाचे नाव घेत गेला. कथानायक एकविसावा. अरण्यातील लोकांस वाटते की चारशे वर्षे एकच मनुष्य जिवंत आहे. वाचकास ठाऊक असते की एकवीस माणसे एका नावाने जगली. वीराचे अमरत्व म्हणजे दुसरे काही नसून न तुटलेले नामसाम्य होय.

भारतीय वाचकास हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही. शंकराचार्यांच्या पीठांवर आजही ‘शंकराचार्य’च बसतात; नाव पीठाचे असते, धारक बदलतात. अशा नावास व्याकरणात स्वतंत्र संज्ञा नाही. त्यास ‘पदनाम’ म्हणणे सोयीचे होईल : जे बोलण्यात विशेषनामासारखे वागते, पण स्वभावतः अनेकांस क्रमाने किंवा एकाच वेळी धारण करता येते. फ्लॅश हेही वस्तुतः पदनामच होते. १९५६ च्या नव्या फ्लॅशने जुन्याचे नाव घेतले तेव्हा त्याने पदच ग्रहण केले होते. पण त्याच्या निर्मात्यांनी ते विशेषनामाच्या नियमाने चालवू पाहिले, म्हणून दुसऱ्या पृथ्वीची गरज पडली. कॅप्टन मार्व्हलच्या बाबतीत तर ‘कॅप्टन’ हा हुद्दा नावातच होता, आणि तरीही मालकीच्या दाव्यात तो हुद्दा एखाद्या घराच्या क्रमांकासारखा झाला.

या दृष्टीने पाहिले असता इंद्रजालच्या चार निर्णयांतील विरोध मावळतो. ‘रामा’, ‘सिंग’ आणि बंगालसदृश देशनाव ही विशिष्ट व्यक्तीची, समाजाची, प्रदेशाची नावे होती. त्यांचे दुसऱ्यास लागणे म्हणजे कोणाचे तरी नाव चोरणे किंवा मलिन करणे. ‘वेताळ’ हे पद होते. ते नव्या धारकास देता येत होते, फक्त धारक त्या पदाच्या धर्मास पात्र हवा. खुन्यास हे पद दिले असते तर आरवलीच्या भक्तास ते खचितच रुचले नसते. रक्षणकर्त्यास दिले, म्हणून ते खपले.

येथे एक आक्षेप संभवतो. मुंबईत बसून हिंदी व मराठी या दोन्ही आवृत्त्यांसाठी एकच नाव ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आरवलीचे देऊळ असण्यापेक्षा ‘वेतालपञ्चविंशति’ असण्याचा संभव अधिक. आक्षेप रास्त आहे. पण नावाचा अर्थ ठेवणाऱ्याच्या हेतूवर संपत नाही. गिरगाव-लालबागेतील चाळीत इंद्रजालचा अंक वाचणारा आणि मे महिन्यात गावी जाऊन वेतोबासमोर हात जोडणारा मुलगा त्या काळी कल्पनेतला नव्हता. चाकरमान्यांच्या घराघरांत तो होता. त्याच्या बाबतीत दोन वेताळांची गाठ नाव ठेवणाऱ्याच्या हेतूने पडली नाही. ती बोटीने किंवा यष्टीच्या गाडीने पडली. विदर्भातील किंवा मराठवाड्यातील वाचकास ही गाठ त्याच रीतीने पडली नसणार. तेथे ‘चांदोबा’तला वेताळ हाच आधी आठवला असेल. एकच नाव एकाच भाषेत प्रदेशपरत्वे निरनिराळ्या पूर्वस्मृती घेऊन वाचले जाते, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकास नवे नाही; पण चित्रकथेच्या संदर्भात त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

इंद्रजालच्याच पानांत १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ अवतरला. चंबळ खोऱ्यातील दरोडेखोरांविरुद्ध लढणारा हा अस्सल देशी नायक. त्याचे नावही विशेषणातून आलेले, आणि त्याचेही शहरांत असंख्य धारक होते. इमारतींच्या दारांवरील नेपाळी पहारेकऱ्यांस लोक खरे नाव न विचारता त्याच नावाने हाक मारीत. तेथे नामसाम्याने काही गमावले गेले असेल तर ते नायकाचे नव्हे, पहारेकऱ्याचे. मराठी विनोदांतील ‘बंड्या’चेही तसेच : तो कोणाचाच मुलगा नाही, म्हणून सर्वांच्याच वर्गात असतो.

चित्रकथांचे अंक रद्दीत जातात, ‘वेताळपंचविशी’च्या आवृत्त्या ग्रंथालयांत राहतात, देवळे जागच्या जागी असतात. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतील एखाद्या आत्मचरित्रात किंवा पत्रात नुसते ‘वेताळ’ असे आढळले, तर पुढील संशोधकाचा कल त्याचा अर्थ भूत किंवा दैवत असा लावण्याकडे होईल. तिसरा धारक त्याला सहसा आठवणार नाही. विष्णुदास नाम्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत गेले ते असेच. सूचीकारांनी ‘वेताळ’ या एका शीर्षकाखाली तिन्ही नोंदी न घालता ‘वेताळ (ग्रामदैवत)’, ‘वेताळ (कथा)’, ‘वेताळ (चित्रकथा)’ अशी तीन शीर्षके करावीत आणि एकाचा निर्देश दुसऱ्याकडे द्यावा. ‘केशवसुत’ व ‘केशवकुमार’ यांच्यासाठी अशी तजवीज करण्याची कोणासही गरज भासली नाही, कारण तेथे धारकांनीच ती करून ठेवली होती.